नाका बसला की वाट बदलते

गोव्याची दारू बेळगावात चोरून यायची ठरलेली वाट म्हणजे चोर्ला घाट. कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी कडक झाली की तीच खोकी अनमोड-रामनगरकडून, नाहीतर चंदगड-शिनोळीकडून येऊ लागतात. खानापूर तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. दहशतवादाचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र आकडे मांडून ते सिद्ध केलं.

जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेने विमानात चढणाऱ्या प्रत्येकाची तपासणी सक्तीची केली, मेटल डिटेक्टर बसवले. बेळगावच्या सांबरा विमानतळावर आपण ज्या चौकटीतून जातो, तीच ही. विमान अपहरणं झपाट्याने घटली. वॉल्टर एंडर्स आणि टॉड सँडलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये त्यापुढचं तपासलं, तर माणसं ओलीस धरण्याचे इतर प्रकार वाढलेले निघाले. वकिलातींचा बंदोबस्त वाढवला, तर अधिकाऱ्यांना बाहेर गाठून मारणं वाढलं. जे महाग पडेल ते सोडायचं, स्वस्त पडेल ते धरायचं, असा हा रोकडा हिशेब. म्हणूनच अमुक प्रकारचे हल्ले कमी झाले म्हणून कुठलंही सरकार पाठ थोपटून घेतं, तेव्हा बाकीचे रकाने आधी बघावेत.

दहशतवादी संघटनेची घडणही अशीच बदलते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर माणसांमधल्या संबंधांच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या वाल्डिस क्रेब्स यांनी निव्वळ बातम्यांवरून १९ अपहरणकर्त्यांच्या ओळखीपाळखीचा नकाशा काढला. कट एकच, पण एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला ओळखीच्या सरासरी ४.७५ पायऱ्या! एक जण सापडला तरी त्याला ठाऊक असणार दोघं-तिघं. अधूनमधून बैठक घ्यायची, तेवढ्यापुरतं अंतर कमी करायचं आणि पुन्हा पांगायचं.

याची किंमत असते. लपावं तर काम मंदावतं. पाकिस्तानातल्या अबोटाबादच्या घरात लादेनने ना फोन ठेवला ना इंटरनेट. निरोप माणसाकरवी जायचे. शेवटी त्या निरोप्याचाच माग काढत २०११ मध्ये अमेरिकी सैनिक तिथे पोचले.

इसिसने उलटा डाव टाकला. २०१४ मध्ये मोसुल घेतलं, उघड राज्य मांडलं, कर वसूल केले. राज्य आलं की ठाणी आली, कचेऱ्या आल्या, आणि त्या विमानातूनही दिसतात. मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बाघुझ हे शेवटचं गाव गेलं. तेव्हापासून इराक-सीरियात तिची माणसं छोट्या टोळ्यांनी वावरतात. शाखा मात्र नायजेरियापासून मोझांबिकपर्यंत पसरल्या आहेत.