क्वेकर

क्वेकर : सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांचे रूढ नाव. पंथाचे अधिकृत नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’. ‘क्वेक’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ थरथरणे; क्वेकर म्हणजे थरथरणारा. नाव मुळात टवाळीचे.

संस्थापक जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) यांनी आत्मकथनात या नावाचे खापर एका न्यायाधीशावर फोडले आहे. १६५० मध्ये डर्बी येथे ईशनिंदेच्या आरोपावरून त्यांना पकडण्यात आले. ईश्वराच्या वचनापुढे थरथर कापा, असे त्यांनी सुनावल्यावरून जर्व्हिस बेनेट या न्यायाधीशाने त्यांना व त्यांच्या मंडळींना प्रथम क्वेकर म्हटले, असे फॉक्स सांगतात. हकीकत रंगतदार आहे, पण शब्द त्याहून जुना आहे. लंडनच्या सदर्क भागात परदेशातून आलेल्या, अंगात आल्याप्रमाणे थरथरणाऱ्या बायकांचा ‘क्वेकर’ म्हणून उल्लेख १६४७ मधील एका पत्रात सापडतो. त्यांचा फॉक्सशी संबंध दिसत नाही. तेव्हा बेनेटने शब्द घडवला नसावा. तोंडी असलेले हिणवणे नव्या मंडळींना चिकटवले, हेच अधिक संभवते.

ते चिकटून राहिले, याला पंथाची उपासनाही कारणीभूत होती. पारंपरिक सभेत पाद्री नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सारे निःशब्द बसतात. आतून प्रेरणा झाली तरच एखादा उठून बोलतो. सुरुवातीच्या काळात अशा वेळी अनेकांचे अंग खरोखर कापत असे. पंथाचे धर्मशास्त्रकार रॉबर्ट बार्क्ली यांनी नावाची उपपत्ती या कंपातच शोधली. नाव आम्ही निवडलेले नाही, पण या अर्थाने त्याची लाजही नाही, अशी त्यांची भूमिका होती.

अनुयायी स्वतःला ‘प्रकाशाची लेकरे’ आणि पुढे ‘फ्रेंड्स’, म्हणजे मित्र, म्हणवत. ‘मी तुम्हाला मित्र म्हटले आहे’ या योहानाच्या शुभवर्तमानातील येशूच्या शब्दांचा त्याला आधार. सरकारदरबारी मात्र टोपणनावच चालले. शपथ घेण्यास नकार देणाऱ्यांविरुद्ध १६६२ मध्ये झालेल्या कायद्याच्या शीर्षकातच ‘क्वेकर म्हटल्या जाणाऱ्या व्यक्ती’ असा उल्लेख आहे.

पुढे सचोटीचे व्यापारी म्हणून क्वेकरांची ख्याती झाली आणि नावाला बाजारात भाव आला. आपल्याकडे ओट्सच्या डब्यामुळे परिचित असलेले ‘क्वेकर’ हे व्यापारचिन्ह अमेरिकेत १८७७ मध्ये नोंदवले गेले. पंथाचा त्या कंपनीशी काहीही संबंध नाही.