मोठ्या शहराच्या सहलीला निघण्याआधी : ओळखीच्यांचा सल्ला कसा वापरावा

(जळगावातल्या आमच्या छोट्या सहल-कार्यालयाकडून ग्राहकांसाठी. घरी नेऊन सगळ्यांनी वाचावं, विशेषतः ज्यांनी बेत ठरवलाय त्यांनी.)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि आमरसाची जेवणं उरकली की कोणीतरी विषय काढतं, "यंदा दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली करू." तिथून सल्ले सुरू होतात. मेव्हणे म्हणतात, दिल्ली दोन दिवसांत होते. शेजारचे नाना म्हणतात, आग्र्याला मुक्काम करूच नका. सुरतेची मावशी म्हणते, आमच्याकडे आधी या, मग पुढे जा. आमच्या टेबलावर हा बेत येतो तेव्हा सप्टेंबर सरत आलेला असतो आणि तो बहुतेक वेळा एखाद्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला असतो.

असाच एक कागद यावलकडच्या एका कुटुंबाने आणला होता. दिल्लीचा एक दिवस : लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट, इंडिया गेट, कुतुबमिनार, लोटस टेंपल, अक्षरधाम. सगळ्यात खाली, 'वेळ उरल्यास चांदणी चौकात खरेदी.' सोबत गुडघेदुखीची आजी आणि चार वर्षांचा नातू. कागद लिहून देणारा मित्र खोटं बोलत नव्हता. तो खरंच एका दिवसात एवढं फिरला होता. मात्र कंपनीच्या कामाला गेलेला असताना, एकटा, दिवसभराची गाडी करून. अक्षरधाम तर त्याने रस्त्यावरूनच पाहिलं होतं. हे आम्ही त्याला फोन लावला तेव्हा कळलं.

सल्ला घेऊ नका असं आम्ही कधीच म्हणणार नाही. उलट भरपूर घ्या, तो फुकट असतो आणि आमच्यापेक्षा तुमच्या माणसांना तुमची सवय जास्त ठाऊक असते. फक्त सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : कोणत्या साली गेलात, कोणकोण होतं आणि कशाने फिरलात? ही उत्तरं कागदाच्या कोपऱ्यात लिहून आणा. आमचं निम्मं काम तिथेच होतं.

मित्राला विचारायचं ते हे

हॉटेलात गरम पाणी सकाळी किती वाजता आलं. लिफ्ट चालू होती की नुसती दिसायला होती. खोली रस्त्याकडे होती का आणि रात्री झोप लागली का. पोरं कुठे कंटाळली. आजी-आजोबा कुठे बसून राहिले. साधं वरण-भात आणि पोळी कुठे मिळाली. हे कुठल्याही छापील माहितीत नसतं आणि आम्हालाही प्रत्येक हॉटेलचं ठाऊक नसतं. जेवणाचं तर नक्की विचारा. कलकत्त्याला गेलेल्या आमच्या एका ग्राहकांना मोहरीच्या तेलाच्या वासाने पहिले दोन दिवस जेवणच गेलं नाही. शेंगदाणा तेलावर वाढलेली माणसं आपण. त्यांनी सोबत नेलेल्या दशम्या आणि चटणी तिसऱ्या दिवशी संपली, मग मात्र गुमान जेवायला लागले, असं त्यांनीच हसत सांगितलं.

मित्राला विचारून भागत नाही अशा गोष्टी म्हणजे वार, वेळ, भाडं आणि नियम. त्या रोजच्या रोज बदलतात किंवा त्याच्या लक्षातच राहिलेल्या नसतात.

वार चुकला की दिवस गेला

आधी आमचीच चूक सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी आम्ही एका कुटुंबाला रविवारी रात्री दिल्लीला पोचवलं आणि सोमवारी सकाळी लाल किल्ला ठेवला. साडेनऊला फोन आला, "भाऊ, दाराला कुलूप आहे." लाल किल्ला सोमवारी बंद असतो. घाईघाईने त्यांना अक्षरधामकडे वळवलं, तर तेही सोमवारी बंद. लोटस टेंपलही सोमवारीच बंद. त्या माणसाने आम्हाला शिवी दिली नाही, नुसतं "बरं" म्हणाला, ते जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या भिंतीवर वारांचा तक्ता आहे. दिल्लीच्या सोमवारी कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि इंडिया गेट करता येतं. पण आमच्या मते सोमवार सरळ आग्र्याला द्यावा, कारण ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, सोमवारी नाही. शनिवार-रविवारची गर्दीही टळते. ताजच्या तिकिटात आतल्या मुख्य कबरीपर्यंत जायचं तिकीट वेगळं काढावं लागतं, हे रांगेत कळून लोक वैतागतात, म्हणून आधीच ठरवा. पुरातत्त्व खात्याच्या या सगळ्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वयाचा पुरावा जवळ असू द्या.

मुंबईत घारापुरीची लेणी सोमवारी बंद आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आतली कान्हेरीची लेणीसुद्धा, सोमवारीच बंद. राणीची बाग बुधवारी बंद. हैदराबादला सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद, चारमिनार मात्र रोज. कलकत्त्याला व्हिक्टोरिया मेमोरियलची बाग सोमवारी उघडी पण आतलं संग्रहालय बंद. केवडियाचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा पाहायला नंदुरबार-धुळ्याकडची मंडळी स्वतःच्या गाडीने जातात. तेही सोमवारी गेलात तर नुसता लांबून पाहून परत याल.

अक्षरधामची एक गोष्ट वेगळी लिहितो. तिथे मोबाइल आत नेता येत नाही, बॅगही नाही. सगळं बाहेर जमा करायचं आणि त्याची रांग वेगळी. म्हणजे आत गेल्यावर एकमेकांना फोन लावणं बंद. जत्रेत हरवल्यासारखी माणसं शोधत फिरतात. आत जायच्या आधीच ठरवा, चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं. अर्धा दिवस त्यासाठी ठेवा, त्या दिवशी दुसरं काही नको.

जुना सल्ला आणि नवी सोय

काका १९९८ साली दिल्लीला गेले असतील तर ते बस आणि रिक्षावाल्यांचेच किस्से सांगणार. मेट्रो तिथे २००२ च्या डिसेंबरात सुरू झाली. आज कुतुबमिनार, लाल किल्ला, अक्षरधाम या तिन्ही नावांची स्टेशनं आहेत. नवी दिल्ली रेल्वे स्टेशनला दोन बाजू आहेत, एक पहाडगंजची, दुसरी अजमेरी गेटची. मेट्रो अजमेरी गेटकडे. गाडीतून उतरून पहाडगंजकडे बाहेर पडलात की पाच-दहा जणांचा घोळका भेटतो : "तुमचं हॉटेल बंद पडलंय", "पुढे रस्ता बंद आहे", "तिकीट ऑफिस आता तिकडे गेलंय." यातलं काही खरं नसतं. थांबू नका, उत्तर देऊ नका, चालत राहा.

मेट्रोत पहिला डबा बायकांचा असतो. घरातल्या बाया तिकडे आणि पुरुष मागे बसणार असाल तर कुठल्या स्टेशनावर उतरायचं ते सगळ्यांना तोंडपाठ हवं. मुंबईच्या लोकललाही स्टेशन असंच तोंडपाठ हवं.

कलकत्त्याला गेलेले लोक सांगतील, हावड्याला उतरलं की टॅक्सीवाल्याशी घासाघीस ठरलेलीच. २०२४ च्या मार्चपासून हावड्याहून हुगळी नदीच्या खालून मेट्रो थेट एस्प्लनेडला जाते. नदीखालचा तो टप्पा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, पण पोरांना तोच लक्षात राहतो. हावडा पूल (१९४३) मात्र पायी चालून बघा, सकाळी लवकर, खालच्या घाटावर फुलांचा बाजार भरलेला असताना. आपल्याकडून हावड्याला गीतांजली, मुंबई-हावडा मेल आणि आझाद हिंद भुसावळवरून जातात, तेव्हा गाडी बदलायचा त्रास नाही. हैदराबादसाठी मनमाडहून अजंठा एक्स्प्रेस आहे.

आणि ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. दर आठवड्याला कोणीतरी ती मागतं. आम्ही ती खिशात घालत नाही, रेल्वेच देत नाही.

तिकीट

पूर्वी चार महिने आधी आरक्षण निघायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी निघतं, प्रवासाचा दिवस न धरता. १० नोव्हेंबरला निघायचं असेल तर ११ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता. गाडी आदल्या दिवशी कुठून तरी सुटून आपल्याकडे येत असेल तर हिशेब ती जिथून सुटते तिथल्या तारखेचा. दिवाळीच्या गाड्यांना 'दोन-चार दिवसांनी सांगतो' चालत नाही. म्हणून आमची विनंती, बेत आखाजीला ठरला असेल तर श्रावणात येऊन भेटा.

तत्काळचं स्पष्ट सांगतो, कारण यात आमचा तोटा आहे. आदल्या दिवशी एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता उघडतं आणि २०२५ पासून पहिला अर्धा तास एजंटला तत्काळ काढता येत नाही. ज्या गाडीला मागणी आहे तिचं तत्काळ अर्ध्या तासात संपतं. तुमच्या घरातल्या एखाद्या पोराचं रेल्वे तिकिटाच्या साइटवरचं (IRCTC) खातं आधारशी जोडून ठेवा आणि त्यालाच बसवा. कसं करायचं ते आम्ही दाखवतो, पैसे घेत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. भुसावळ-जळगावहून बऱ्याच गाड्या मध्यरात्रीनंतर असतात. समजा गाडी रात्री १२ वाजून ४० मिनिटांची आहे आणि तिकिटावर तारीख १२ आहे. ती गाडी पकडायला घरून ११ तारखेला, रात्रीचं जेवण करून निघायचं. आमच्या ओळखीचे एक जण १२ ला संध्याकाळी दहा माणसं, चार ट्रंका आणि भरताचा डबा घेऊन फलाटावर बसले होते. चार्टवर नावं दिसेनात म्हणून त्यांनी आम्हाला फोन केला. गाडी जाऊन जवळपास पूर्ण दिवस झाला होता. भरीत त्यांनी फलाटावरच संपवलं. आता आम्ही अशा प्रत्येक तिकिटावर लाल पेनाने 'अमुक वारी रात्री घरून निघा' असं लिहून देतो. ऑनलाइन स्वतः काढलंत तरी तेवढं स्वतःच्या हाताने लिहा.

मुंबई : नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांसाठी

कल्याण-डोंबिवलीत आपलं कोणी नाही असं खानदेशात घर सापडणं कठीण. तिथे उतरायला हरकत नाही, पैसे वाचतात आणि रात्री गप्पा होतात. पण कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ५० किलोमीटरच्या वर आहे. जायला-यायला रोज अडीच-तीन तास धरा. सकाळी ८ ते १० मुंबईकडे आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उलट दिशेने लहान मुलं घेऊन लोकलमध्ये चढू नका, हा सल्ला नाही, कळकळ आहे. दहाला-साडेदहाला गर्दी ओसरू लागते, तेव्हा आरामात निघा. रविवारी गर्दी कमी म्हणून लोक रविवार निवडतात, पण रविवारीच बहुधा मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी) असतो. आदल्या रात्री पाव्हण्यांना तपासायला सांगा.

घारापुरीची लाँच गेटवे ऑफ इंडियापासून सुटते, साधारण तासभर लागतो आणि उतरल्यावर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी गेटवेवरच (१९२४ सालचा) समुद्राच्या कठड्याशी बसून वारा खावा, तोही दिवस वाईट जात नाही. टर्मिनसची इमारत जागतिक वारसा यादीत आहे, २००४ पासून. आपण तिथे गाडीतून उतरून कुलीशी वाद घालत बाहेर पडतो, मागे वळून बघतच नाही. रात्री दिवे लागल्यावर समोरच्या फुटपाथवरून दहा मिनिटं बघा.

हवा

मे महिन्यात जळगावच्या उन्हातून पळून दिल्लीला जाणाऱ्यांना तिथेही तेच ऊन भेटतं. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने उत्तरेच्या गाड्या चार-चार, आठ-आठ तास उशिरा धावतात. परतीच्या दुसऱ्याच दिवशी घरी लग्न ठेवू नका. दिवाळीनंतर लगेच दिल्लीची हवा धुरकट असते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. आम्हाला विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, पण तेव्हा पोरांच्या परीक्षा तोंडावर असतात, हेही आम्हाला ठाऊक आहे.

ऑफिसला येताना

मित्राने दिलेला कागद आणा, तो फेकू नका. सगळ्या माणसांची वयं, कोणाला जिना चढवत नाही, कोणाला गोळ्या वेळेवर लागतात, उपवास कोणते आहेत, हे लिहून आणा. मोठ्या प्रत्येक माणसाचं मूळ ओळखपत्र लागेल, हॉटेलवाले झेरॉक्सवर खोली देत नाहीत. दिवसाला आम्ही दोन ठिकाणं लिहितो, फार तर तीन. जास्त हवी असतील तर लिहून देऊ, पण शेजारी आमची सही नसेल. आणि ज्या मित्राने सल्ला दिला त्याचा नंबर घेऊन या. त्याच्याशी आम्ही बोलतो, चहाचे पैसे आमचे.