मासळीचा पत्ता एकच, होड्या वेगवेगळ्या

मासळी कुठे सापडेल, याचा उपग्रहावरून काढलेला अंदाज कोकणच्या बंदरांवर पहिल्यांदा आला तो फॅक्सने, मग फलकांवर. मोबाइल नंतर आला. अंदाजाचा आधार दोन गोष्टींचा, पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि त्यातलं हरितद्रव्य. ढग आले की तापमान मिळत नाही, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत संदेश बंदच असतात.

संदेशात बंदरापासूनची दिशा, किलोमीटरमध्ये अंतर, मीटरमध्ये खोली आणि अक्षांश-रेखांश. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, खोली वावांत मोजतो. ३६ मीटर म्हणजे साधारण २० वाव, हा हिशेब त्याने हेलकावणाऱ्या होडीत करायचा! २०१० नंतर रायगडच्या बंदरांवर मराठी मोबाइल सेवेचा प्रयोग झाला. खोल समुद्रात रेंज नसते, म्हणून किनाऱ्यावरच माहिती उतरवून घ्यायची सोय त्यात होती. मासेमारांकडे बघून केलेली रचना म्हणावी तर हीच.

पर्यावरणाच्या बाजूने हिशेब सोपा मांडला गेला: शोधाशोध कमी, म्हणजे डिझेल कमी. तो खोटा नाही. वाद आहे तो एका जुन्या निर्णयावर. संदेश सगळ्यांना खुला आणि सगळ्यांना सारखाच. सार्वजनिक पैशातून मिळालेली माहिती सर्वांची, हे म्हणणं वरवर न्याय्य दिसतं. पण ४० किलोमीटरवरचा पत्ता मोठ्या इंजिनाच्या पर्ससीन नौकेला (थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या जाळ्याची) लागतो तसा छोट्या गिलनेटवाल्याला (पाण्यात उभं सोडलेल्या, मासळी अडकणाऱ्या जाळ्याच्या) लागत नाही. तो पोचेपर्यंत थवा उचललेला असतो, आणि डिझेल जळतं ते जळतंच. वाचलेल्या डिझेलवर मोठी नौका आणखी एक खेप मारते, हा मुद्दा तर बैठकांत फारसा निघतच नाही. कुठे जा हे संदेश सांगतो. कोणती मासळी, केवढी, कोणत्या जाळ्याने, यावर अवाक्षर नाही.

ते काम कायद्यावर सोडलं गेलं. राज्याचा मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंध आले आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठरला. २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासळी खेचून केलेल्या मासेमारीवर केंद्राची बंदी आली. मालवण आणि रत्नागिरीकडचे पारंपरिक मच्छीमार त्यानंतरही रस्त्यावर उतरत राहिले, ते उगाच नव्हे.

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान पकडायचं नाही. पण मासळी जाळ्यात आल्यावर पट्टी लावून काय उपयोग? लहान पिल्लू सुटणार की अडकणार, हे जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या भोकाचा आकार, आधीच ठरवून बसलेला असतो. किमान आकाराची तपासणी मात्र बंदरावर, टोपल्या उतरल्यावर होते.