राजाचा सारा आणि मालकाचा खंड: प्रिन्स एडवर्ड बेटावरची दोन देणी

कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाच्या जुन्या इतिहासात जमिनीच्या ‘भाड्या’वरून सतत तंटे दिसतात. वाचणारा ते एकच भाडं समजतो आणि मग काहीच उलगडत नाही. देणी दोन होती. ‘क्विट-रेंट’ जमीनमालक इंग्लंडच्या राजाला देणं लागत असे. दुसरं देणं कूळ मालकाला देई. आपल्या हिशेबात सारा आणि खंड.

बेट 1763 मध्ये फ्रेंचांकडून ब्रिटिशांकडे आलं. तिथल्या बहुतेक अकेडियन (फ्रेंच वंशाच्या) शेतकऱ्यांना त्याआधीच, 1758 मध्ये, जहाजांत भरून बाहेर काढलं होतं. सॅम्युअल हॉलंडने मोजणी करून सुमारे 20,000 एकरांचा एक, असे 67 लॉट पाडले आणि सरकारने जुलै 1767 मध्ये लंडनला चिठ्ठ्या टाकून जवळजवळ सगळे वाटून टाकले. मिळाले ते लष्करी अधिकारी, व्यापारी, दरबारी ओळखीचे लोक. मूळ रहिवासी मिकमॉ यांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

सनदेत अटी होत्या. दर 200 एकरांमागे एक माणूस 10 वर्षांत वसवायचा, आणि 100 एकरांमागे वर्षाला 2, 4 किंवा 6 शिलिंग राजाला भरायचे. सगळ्यात चढा दर धरला तरी अख्ख्या लॉटचे 60 पौंड. 1769 मध्ये बेटाला नोव्हा स्कोशियापासून वेगळं सरकार मिळालं ते याच पैशांतून अधिकाऱ्यांचे पगार भागतील या भरवशावर. बहुतेक मालकांनी भरणा केलाच नाही. शेवटी 1777 पासून पार्लमेंटला पदरचे पैसे घालावे लागले.

खंडाचं गणित वेगळं. पुढे रूढ झालेला दर एकरी 1 शिलिंगाच्या आसपास होता, म्हणजे 100 एकरांच्या शेताला वर्षाला 5 पौंड. जंगल तोडून, बुंधे उपटून ती जमीन लागवडीखाली आणणारा कूळच. करार कधी कधी चक्क 999 वर्षांचे असत, पण खंड तुंबला की जप्ती दारात. मालकाची थकबाकी मात्र वर्षानुवर्षं खपून जाई.

कुळांच्या चळवळीचा युक्तिवाद नेमका इथून निघतो. चळवळीचा पुढारी विल्यम कूपर आणि त्याच्या साथीदारांचं म्हणणं असं: मालकांनी ना माणसं वसवली, ना सारा भरला. सनदेच्या अटी मोडल्या, तेव्हा जमीन राजाकडे परत गेली पाहिजे आणि राजाने ती कसणाऱ्याला द्यावी. मालकी हक्कच संपला असेल तर खंड मागणारा तो कोण? मला हा युक्तिवाद कायद्याच्या अंगाने बळकट वाटतो. 1838 च्या निवडणुकीत कूपरच्या पक्षाला घसघशीत बहुमत मिळालं. तो लंडनला गेला, तर वसाहत खात्याने त्याला साधी भेटही दिली नाही. मालकांचं वजन तिथे होतं.

1864 मध्ये टेनंट लीग या कुळांच्या संघटनेतल्या लोकांनी खंडच न देण्याची शपथ घेतली आणि पुढच्या वर्षी हॅलिफॅक्सहून सैन्य आणावं लागलं. तिढा सुटला तो पैशाने. 1873 मध्ये कॅनडात सामील होताना बेटाला जमीनखरेदीसाठी 8 लाख डॉलरची तरतूद मिळाली, आणि 1875 च्या कायद्याने मालकांना विकणं भाग पाडलं. सारा बुडवणाऱ्या घराण्यांना मोबदला मिळाला, आणि कुळांना आपलीच शेतं सरकारकडून विकत घ्यावी लागली.