कोंदैशा-अ-नोव्हा

कोंदैशा-अ-नोव्हा हे मध्य पोर्तुगालमधलं, कोइंब्रा शहरापासून साधारण १५ किमी दक्षिणेला असलेलं छोटं गाव. नोव्हा म्हणजे नवं. जुनं कोंदैशा, म्हणजे कोंदैशा-अ-व्हेल्या, शेजारीच आहे आणि तिथेच कोनिंब्रिगा या रोमन शहराचे अवशेष आहेत, गावापासून जेमतेम २ किमीवर.

रोमन यायच्या आधीपासून तिथे वस्ती होती, पण रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात फोरम (म्हणजे शहराचा मुख्य चौक), स्नानगृहं, पाण्याचा पाट असं सगळं उभं राहिलं. सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कारंज्यांच्या घराला. मधोमध बागेचं कुंड, पाण्यातच विटांचे वाफे, ५०० च्या वर बारीक कारंजी, आणि भोवतीच्या जमिनीवर रंगीत खड्यांचं मोझेक, त्यात शिकारीची दृश्यं आहेत, ग्रीक पुराणकथांमधल्या मेडुसा राक्षसिणीचं मुंडकं हातात धरलेला वीर पर्सियसही आहे. नाणं टाकलं की कारंजी सुरू होतात, अगदी बघण्यासारखं!

पण मन लागून राहतं ते तटाच्या भिंतीत. हल्ल्यांच्या भीतीने शहराने घाईघाईत जाडजूड तट बांधला, हाताला लागेल तो दगड वापरला, वाटेत आलेली घरं कापून भिंत पुढे नेली आणि हे कारंज्यांचं सुंदर घर बाहेरच राहिलं. एवढं करूनही सुएबी या जर्मानिक टोळ्या इ.स. ४६५ आणि ४६८ मध्ये घुसल्याच. पुढे बिशप इथून एमिनियम या शहरात गेला, जाताना कोनिंब्रिगाचं नावही घेऊन गेला म्हणायचं, कारण त्या नावावरूनच एमिनियमचं पुढे कोइंब्रा झालं.

लोक अवशेष बघून परस्पर निघून जातात हे मात्र बरोबर नाही, गावातही थांबायला हवं. १८११ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याने हे गाव जाळलं होतं. लेखक फर्नांदो नामोरा इथलेच, जन्म १९१९, त्यांच्या घराचं आता म्युझियम आहे. हाताने रंगवलेली चिनी मातीची भांडी इथली खासियत, आणि खायला एस्कार्पियादा, म्हणजे पावाच्या पिठात ऑलिव्हचं तेल, ब्राऊन शुगर आणि दालचिनी घालून भाजलेला गोड प्रकार (आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आलाय).

कोनिंब्रिगाला पाणी यायचं ते जवळच्या अल्काबिदेक गावातून. तिथल्या झऱ्यावर रोमनांनी बांधलेला दगडी बुरूज अजून उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी अजूनही पाणी आहे.