फायनान्स कंपनीने तुमची माहिती बाहेर दिली, तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

समजा, नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीत कामाला असलेल्या एखाद्याने मोबाइल ॲपवरून कर्ज घेतलं. एक हप्ता थकला आणि वसुलीवाल्याने थेट निफाडला त्याच्या चुलत भावाला फोन करून थकबाकीचा आकडा सांगितला. माणूस लाजेने गप्प बसतो. गप्प बसायचं काहीच कारण नाही. हप्ता थकला तरी तुमची माहिती चारचौघांत नेण्याचा हक्क कंपनीला मिळत नाही.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथे स्पष्ट आहेत. वसुलीसाठी फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच करायचा. नातेवाईक, मित्र, जामीन यांच्या खासगीपणात घुसायचं नाही. डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्कयादी, फोटो-फाइल्स, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन यांची परवानगी केवायसीसारख्या कामापुरती, एकदाच आणि तुमच्या संमतीने घ्यायची. दिलेली संमती तुम्ही मागे घेऊ शकता, माहिती पुसून टाकायलाही सांगू शकता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार पासवर्ड, बँक खाते व कार्डाचा तपशील, बोटांचे ठसे, आजारपणाची कागदपत्रं ही ‘संवेदनशील’ माहिती आहे.

पहिला अर्ज कंपनीकडेच करायचा, तोही लेखी. शाखेत जाऊन तोंडी भांडून आलात तर पुढे त्याचा उपयोग शून्य. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ई-मेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतं, डिजिटल कर्जात ते कर्जासोबत मिळणाऱ्या केएफएसमध्येही, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या पत्रकातही असतं. मजकूर थोडका आणि नेमका हवा:

“दि. … रोजी रात्री ८.४० वाजता तुमच्या वसुली प्रतिनिधीने … या क्रमांकावरून माझ्या चुलत भावाला माझ्या कर्जाची थकबाकी सांगितली. यास माझी संमती नव्हती. त्यांचा क्रमांक तुमच्याकडे कसा आला ते लेखी कळवावे, तो काढून टाकावा व तसे केल्याचे मला कळवावे.”

शाखेत अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ई-मेल केलात तर तक्रार क्रमांक जपून ठेवा. पुढचं सगळं या एका कागदावर उभं राहतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली आणि तक्रारीला फी नाही. अर्ज रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर भरता येतो. टपालानेही चालतो, तो चंदीगडच्या केंद्राकडे जातो आणि मराठीत लिहिलेला असला तरी घेतला जातो. चौकशीसाठी फोन १४४४८. तक्रार स्वतः करायची किंवा अधिकारपत्र देऊन कोणामार्फत. वकिलामार्फत मात्र नाही. तेच प्रकरण आधी कोर्टात असेल तर अर्ज टिकत नाही, आणि कंपनीकडे न जाता थेट इथे आलात तरीही. २०२१ च्या योजनेत झालेल्या नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी वेगळे १ लाखापर्यंत भरपाई देण्याची तरतूद केली होती. अर्जाला मुदत असते, तेव्हा रेंगाळू नका.

सोबत जोडायचं ते असं: कंपनीला दिलेल्या अर्जाची प्रत व पोच, आलेलं उत्तर, कर्जमंजुरीचं पत्र, कॉलच्या नोंदीचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट. ओळखीसाठी आधार लावायचंच असेल तर मास्क्ड आधार लावा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा, “फक्त लोकपाल तक्रारीसाठी”, खाली तारीख व सही. कर्जाच्या कागदांनाही हीच सवय लावा.

सगळ्यांचा लोकपाल मात्र एक नाही, आणि नाशिकमध्ये गफलत इथेच होऊ शकते, कारण गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे येत नाहीत. तिथे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जायचं. बहुराज्यीय संस्था असेल तर केंद्रीय निबंधक. विमा कंपनीसाठी आधी कंपनी, मग विमा लोकपाल, नाशिकसाठी तो पुण्याला. शेअर, म्युच्युअल फंडासाठी सेबीचं स्कोअर्स पोर्टल. गृहकर्ज कंपनीसाठी नॅशनल हाउसिंग बँक. ॲपमागे परवानाधारक कंपनीच नसेल तर लोकपाल काही करू शकत नाही. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ पोर्टल आणि सायबर पोलीस.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. तुमच्या हातात भरपाई हवी असेल तर लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोग हीच वाट धरा.

माहिती फुटून खात्यातून पैसेच गेले असतील, तर यातलं काहीही नंतर. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला लेखी कळवा. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तोशीस तुमच्यावर येत नाही. शहरात राहत असाल तर नाशिक शहर सायबर पोलीस ठाणं, दिंडोरी-निफाडकडे असाल तर ग्रामीणचं. आणि तुमच्या पॅनवर भलत्याच कोणी कर्ज उचललेलं नाही ना, हे पाहायला कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात अनोळखी कर्ज दिसलं तर त्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे त्याच दिवशी हरकत नोंदवा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तुम्हाला देणं लागतात.