उडत्या तबकड्यांचा लष्करी तपास

आकाशात कुणाला काहीतरी भलतंच दिसलं आणि त्याने कळवलं की हवाई दल किंवा संरक्षण खातं त्याची चौकशी करतं, तो हा तपास. लोकांना वाटतं लष्कर एलियन शोधत बसलं होतं, पण त्यांची धास्ती साधी होती, हे आपलं नाही ना, मग रशियाचं तर नाही?

सुरुवात अमेरिकेत झाली. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाच्या पायलटला वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर डोंगराजवळ नऊ चमकत्या वस्तू दिसल्या, पाण्यावर बशी भिरकावली की जशी टप्पे खात जाते तशा त्या जात होत्या असं त्याचं म्हणणं होतं, पेपरवाल्यांनी चालीची उपमा आकाराला चिकटवली आणि 'फ्लाइंग सॉसर' हे नाव पडलं ते कायमचंच. त्याच सुमारास टॅकोमाजवळच्या मॉरी आयलंडवर तबकडीतून तापलेला धातू पडला अशी एक कथा आली. ती तपासायला हवाई दलाचे दोन गुप्तचर अधिकारी, कॅप्टन डेव्हिडसन आणि लेफ्टनंट ब्राउन गेले, आणि परतताना १ ऑगस्टला त्यांचं बी-२५ विमान आग लागून केल्सोजवळ कोसळलं, दोघंही गेले. ती कथा थाप निघाली. फेकाफेकी म्हणजे निव्वळ गंमत असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

मग हवाई दलाने या तपासाचे प्रकल्पच काढले, १९४८ मध्ये प्रोजेक्ट साइन, पुढे ग्रज आणि १९५२ पासून ब्लू बुक, सगळं ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरून. कामाची पद्धत म्हणाल तर कारकुनी होती, बघणाऱ्याकडून फॉर्म भरून घ्यायचा आणि त्या वेळी तिथे कुठला फुगा, विमान, उल्का किंवा शुक्र होता का ते जुळवून बघायचं. खगोलाची बाजू डॉ. अ‍ॅलन हायनेक बघायचे. १९६६ मध्ये मिशिगनमधल्या दिव्यांना त्यांनी दलदलीतला वायू म्हटलं आणि देशभर हसं झालं, तिथले खासदार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी तर संसदेत सुनावणीच मागितली. १९६९ ला ब्लू बुक बंद झालं तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ उलगडल्याच नव्हत्या. अपुऱ्या माहितीचा रकाना वेगळा होता, तरी एवढ्या उरल्या, पण म्हणून लगेच परग्रहावर उडी मारायचं कारण नाही.

खरी गोची अशी की आकाशातल्या काही गोष्टी सरकारच्याच होत्या आणि त्या सांगता येत नव्हत्या. न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला १९४७ मध्ये सापडलेला आणि तबकडीचा म्हणून गाजलेला कचरा मोगल नावाच्या गुप्त प्रकल्पातल्या फुग्यांचा होता, हे हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं. यू-२ हे हेरगिरीचं विमान ६०,००० फुटांच्या वर उडायचं, खाली अंधार पडला तरी त्याच्यावर ऊन चमकायचं, आता खालच्या विमानातल्या पायलटने काय समजायचं?

ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर १९६७ ला तर कहरच झाला. शेप्पी बेटापासून ब्रिस्टलच्या खाडीपर्यंत एका सरळ रेषेत सहा छोट्या तबकड्या पडलेल्या सापडल्या, हलवल्या की आतून आवाज, पोटात घाण वास मारणारा चिकट लगदा. पोलीस आले, हवाई दल आलं, एक हेलिकॉप्टरने उचलून नेली आणि चिपनहॅमची तर लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाने उडवून दिली. नंतर कळलं की फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेतल्या शिकाऊ पोरांनी धर्मादाय वर्गणीसाठी हा उद्योग केलेला, आणि तो लगदा म्हणजे पिठाची खळ!

ब्रिटनने २००९ मध्ये, यातून संरक्षणाला काही उपयोग नाही म्हणून असल्या नोंदी घेणारा विभागच बंद केला. अमेरिकेने मात्र २०२२ मध्ये संरक्षण खात्यात असल्या नोंदी तपासायला आरो नावाचं नवं ऑफिस उघडलं, यूएफओ म्हणजे न ओळखलेल्या उडत्या वस्तूचं यूएपी म्हणजे न ओळखलेली घटना असं नाव झालं, पण त्यांच्याकडे उलगडलेल्या केसेस बघाल तर बहुतेक फुगे, पक्षी, ड्रोन आणि आता त्यात स्टारलिंक या इंटरनेट सेवेच्या सॅटेलाइटची भर.